तारेचे दहा, शोधण्याचे तीनशे

गॅरेजवाल्यांची ‘पोलखोल’ करणारे व्हिडिओ हल्ली रोज कुणी ना कुणी पुढे पाठवतं. कुठे चांगले ब्रेक शू काढून टाकलेले दिसतात, कुठे न बदललेल्या एअर फिल्टरचे पैसे बिलात लावलेले असतात. त्याखालचा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, मिस्त्री सगळे चोरच, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. दुसरी म्हणते, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, आधी शोरूममधली लूट बघा. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात: माणूस चांगला असेल तर गॅरेज प्रामाणिक, वाईट असेल तर लबाड. मला हे पटत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत प्रामाणिक गॅरेज चालवणं जड झालंय, आणि त्याचं मोठं कारण आपण ग्राहक पैसे कशाचे देतो आणि कशाचे देत नाही, हे आहे. सुट्या भागांचे पैसे आपण डोळे झाकून मोजतो आणि मजुरी म्हटली की घासाघीस सुरू करतो. ही सवय जोवर आहे तोवर प्रामाणिक मिस्त्रीला स्वतःच्या खिशातून तोटा सोसावा लागणार, आणि तो किती वर्षं सोसेल?

मी धुळ्यात लहान व्यावसायिकांच्या हिशेबाचं काम करतो. त्यांत गॅरेजवालेही आहेत, त्यामुळे त्यांच्या वह्या जवळून बघायला मिळतात. त्या बघून जे समजतं ते एका साध्या उदाहरणात सांगता येईल. मोटारसायकल मधेच बंद पडते, पुन्हा चालू होते, पुन्हा बंद पडते. मिस्त्री टाकी काढतो, वायरिंग उघडतो, मीटर लावून एकेक जोड तपासतो. दोन तासांनी त्याला सापडतं की हँडलच्या मुळाशी, जिथे वायरिंग सतत वाकतं, तिथली एक तार आवरणाच्या आत तुटली आहे. हँडल डावीकडे वळलं की ती सुटते. तो तार जोडतो, टेप लावतो आणि तीनशे रुपये मागतो. ग्राहक म्हणतो, “काय सांगस भाऊ, बोटभर तारना तीनशे रुप्या?” शेवटी शंभरावर तोडपाणी होते. आता याच गाडीजवळ दुसरा मिस्त्री उभा करा. तोही तार शोधतो, गुपचूप जोडतो, वर “सीडीआय (इंजिनात ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेला होता” असं सांगून नऊशे-हजाराचा भाग बसवतो. खोक्यावर छापील किंमत आहे, भाग चकाचक नवा आहे. ग्राहक पैसे देतो, समाधानाने जातो आणि चार जणांना त्याचं नाव सांगतो. पहिल्याने दोन तासांचं ज्ञान शंभर रुपयांना विकलं. दुसऱ्याला एका खोट्या वाक्याने त्याच्या कितीतरी पट मिळालं, शिवाय वरून नावही झालं.

हा फरक कुठून येतो? भाग विकणारा दुकानदार मिस्त्रीला छापील किमतीपेक्षा कमी भावात माल देतो, किंवा महिन्याच्या शेवटी टक्का देतो. हा धंद्याचा उघड रिवाज आहे आणि त्यात मुळात गैर काही नाही. भाग आणून, बसवून, बिघडला तर बदलून देणाऱ्याला नफा मिळायलाच हवा. गडबड पुढे होते. मजुरीत पोट भरत नसल्यामुळे सगळं उत्पन्न त्या टक्क्यावर येऊन बसतं. मग जो मिस्त्री भाग कमी बदलतो, दुरुस्त होण्याजोगं दुरुस्त करतो, तो स्वतःचंच उत्पन्न कापत असतो. कार्बोरेटर साफ करून चालणार असेल तर साफ करून देणारा, क्लच प्लेट अजून वर्षभर जाईल असं खरं सांगणारा, रेडिएटरला एक झाळ पुरते म्हणून नवा न टाकणारा: हे सगळे महिनाअखेरीला हेल्परचा पगार आणि गाळ्याचं भाडं कुठून द्यायचं या विवंचनेत असतात. ‘सबका प्लेट बदल डालो’ म्हणणाऱ्याला ही विवंचना नसते.

आता समोरच्यांचं म्हणणं. ग्राहकाचा संशय हवेतून आलेला नाही. फसवणूक होते, आणि सर्रास होते. आपल्याकडे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रात्री दोन वाजता बंद पडलेल्या गाडीचा मालक कुठल्या कुठून आलेला असतो आणि पुन्हा कधी दिसणार नसतो. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेला निघालेल्या ट्रकचा क्लच गेला तर ड्रायव्हरला घासाघीस करायला वेळच नसतो, मागे माल पिकत असतो. अशा अडलेल्या माणसाकडून दुप्पट-तिप्पट उकळणारे आहेत. डुप्लिकेट माल ओरिजिनलच्या खोक्यात घालून विकणारे आहेत. जुनं ऑइल गाळून भरणारे आहेत. त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. ज्याची फसवणूक झाली त्याने ग्राहक आयोगात जावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आयोग आहेत. पण लबाडांना धडा शिकवला म्हणजे प्रामाणिक गॅरेज आपोआप तगेल, हा निष्कर्ष चुकीचा आहे. लबाड पकडला गेला तरी शंभर रुपयांची मजुरी शंभरच राहते.

यावर एक पोक्त उत्तर नेहमी मिळतं: चांगलं काम करत राहा, नाव होतं, गिऱ्हाईक शोधत येतं. किराणा, कापड, खानावळ यांत हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण डाळ कशी निघाली, भाजी कशी होती हे खाणाऱ्याला कळतं. गाडीच्या दुरुस्तीत काम झाल्यावरही ते गरजेचं होतं की नव्हतं हे ग्राहकाला कळत नाही. गाडी चालू झाली एवढंच दिसतं, आणि ती दोन्ही मिस्त्र्यांकडे चालू झालेली असते. बॅटरीचं बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य खरोखर घटतं. स्थिर असताना मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरीही स्टार्टर मारताच बसू शकते, म्हणून ती भार टाकून तपासावी लागते. खरा मिस्त्री भार टाकून बघतो आणि “बदला” म्हणतो. लबाड काहीच न बघता “बदला” म्हणतो. ग्राहकाच्या कानावर शब्द एकच पडतो. मग तो दोघांवर सारखाच संशय घेतो आणि ज्याचा आकडा कमी त्याच्याकडे जातो. उलटही घडतं. “बॅटरी ठीक आहे, टर्मिनलला गंज चढलाय, साफ केला” असं सांगून वीस रुपये घेणाऱ्याकडे हजारो रुपये वाचल्याबद्दल कुणी पेढे घेऊन जात नाही, कारण ते वाचले हेच कुणाला ठाऊक नसतं. जी चांगली गोष्ट दिसतच नाही तिच्यावर नाव कसं व्हायचं?

खान्देशातल्या शेतकऱ्याला हे कोडं मी वेगळं समजावून सांगायला नको, ते त्याने कापसात भोगलेलं आहे. खेडा खरेदीला दोन व्यापारी दारात येतात. एक खरा काटा लावतो आणि क्विंटलला शंभर रुपये कमी भाव बोलतो. दुसरा भाव चढा बोलतो आणि काटा मारतो. कापूस कुणाकडे जातो? बहुतेक वेळा चढ्या भावाकडे, कारण भाव ऐकू येतो, मारलेला काटा दिसत नाही. खऱ्या काट्याचा व्यापारी दोन हंगामांत एकतर गाव सोडतो किंवा काटा मारायला शिकतो. आणि या व्यवहारात नाडला गेलेला शेतकरीच ट्रॅक्टर घेऊन गॅरेजात आला की कमी मजुरी बोलणाऱ्याकडे वळतो, जो पुढे भागांत वसूल करणार असतो. त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. बाजाराची रचनाच अशी असली की शहाण्यातला शहाणा माणूसही तसंच वागेल, एवढंच मला दाखवायचं आहे.

कापसाच्याच इतिहासात यावरचे दोन उपाय सापडतात, आणि आजच्या वादात पहिलाच उपाय पुन्हा पुन्हा सुचवला जातो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला अचानक मोठी मागणी आली. तेव्हा गाठींत सरकी, माती, पाणी घालण्याचे प्रकार इतके वाढले की १८६३ साली मुंबई इलाख्यात कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदा झाला. निरीक्षक नेमले, भेसळ करणाऱ्याला शिक्षा ठरवली, या व्यवस्थेसाठी गाठीमागे शुल्क बसवलं. लबाड शोधा आणि दंड करा, ही त्यामागची कल्पना. व्यापारी त्या शुल्काविरुद्ध आणि तपासणीविरुद्ध ओरडत राहिले. १८७८ साली त्याच्या जागी नवा कायदा आणावा लागला, आणि भेसळीचा प्रश्न काही सुटला नाही. दुसरा उपाय विसाव्या शतकात आला. १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा आणि पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न खरेदी-विक्री नियमनाचा कायदा, यांचा भर व्यवहार उघड्यावर आणण्यावर होता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत जाऊन जाहीर लिलाव यावा, वजन मान्यताप्राप्त काट्यावर व्हावं, अडत आणि हमाली किती ते ठरलेलं असावं, शेतकऱ्याच्या हातात लेखी हिशेबपट्टी पडावी. १९२८ च्या शेती आयोगाच्या अहवालात बाजारातल्या चोरट्या भावाच्या आणि खोट्या वजनाच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. नियंत्रित बाजाराचा आग्रह त्या अहवालानेही धरला. बाजार समित्यांत पुढे काय काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते मी झाकत नाही. तरीही हिशेबपट्टी हातात आल्यावर अडतीचा आकडा वाचता येऊ लागला आणि त्यावर भांडता येऊ लागलं, हा बदल खरा आहे. गॅरेजच्या धंद्यात रुमाल अजून हातावरच आहे. त्याच्याखाली मजुरी आणि टक्का एकमेकांत मिसळलेले आहेत.

मजुरी वेगळी लिहून मोकळेपणाने देणं आपल्याला जमतच नाही, असंही नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी असते. घडणावळीवर थोडी ओढाताण होते, पण कारागिराच्या हाताला पैसे का द्यायचे असा प्रश्न कुणी विचारत नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यामुळे सोन्याच्या शुद्धतेसाठी केवळ सराफाच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज उरली नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या चोख व्यवहार करत आले त्यांचं या शिक्क्याने नुकसान झालं का? उलट त्यांचा चोखपणा पहिल्यांदाच कागदावर दिसू लागला. गाडी दुरुस्त करणाऱ्याच्या हातातही कारागिरी आहे. तिला घडणावळ का नसावी?

“एवढं कशाला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, तिथे सगळं लेखी असतं” हे म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. तिथे जॉब कार्ड असतं, मजुरीचे दर ठरलेले असतात, बिल मिळतं, वॉरंटी शाबूत राहते. गावच्या गॅरेजवाल्यांनी हे तिथून शिकावंच. पण अक्राणीतल्या किंवा चोपड्याच्या टोकाच्या गावातल्या माणसाने दर वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं का? तिथला सल्लागारही महिन्याला किती ऑइल, किती ॲडिटिव्ह, किती ‘पॅकेज’ विकली याच्या उद्दिष्टाखाली असतो. म्हणजे जो दोष मिस्त्रीत दाखवला जातो तोच तिथे छापील कागदावर असतो. आणि तो कागद इतका रुबाबदार असण्यामागे कंपन्यांचा एक जुना हट्ट आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला तो याचसाठी की मूळ सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि बिघाड शोधण्याची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये असंही आयोगाने सांगितलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण अडवणूक कशी होते हे नोंदलं गेलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक निकषांच्या गाड्या आल्यावर ही अडवणूक आणखी बोचते. साध्या मोटारसायकलीतही आता फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आहेत. स्वस्त स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, पण कोड म्हणजे निदान नसतं: ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सरच गेला असं नाही, सायलेन्सरची गळती किंवा तुटकी तारही तसाच कोड आणते. चांगलं यंत्र आणि कंपनीची माहिती नसलेला प्रामाणिक मिस्त्री इथे अंदाजाने भाग बदलायला लागतो. त्याची नियत साफ असूनही ग्राहकाचं नुकसान तेवढंच होतं.

एक गोष्ट सांगितली नाही तर लेख खोटा ठरेल. लबाडीची मागणी पुष्कळदा काउंटरच्या या बाजूने येते. अपघाताच्या विम्यात मागच्या वर्षीचा जुना डेंटही बसवून द्या म्हणणारा ग्राहक असतो. गाडी विकायची आहे, मीटर चाळीस हजारांनी मागे करा म्हणणारा असतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाका आणि पीयूसीचं बघा म्हणणारा असतो. आणि “पक्कं बिल नको, अठरा टक्के कशाला?” हे तर रोजचं. गॅरेजात भाग आणि मजुरी दोन्ही असल्याने वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. जो इमानाने नोंदणी करतो त्याचं बिल पलीकडच्या गाळ्यातल्या चिठ्ठीपेक्षा तेवढ्याने फुगतं. सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांतले सुटे भागही १८ टक्क्यांत आले, हा दिलासा आहेच, पण चिठ्ठीवरचा दर शून्यच राहतो. या चारही मागण्यांना नाही म्हणणारा मिस्त्री चार ग्राहक गमावतो. तेच ग्राहक संध्याकाळी फसवणुकीचा व्हिडिओ पुढे पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो.

गरिबाचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. ज्याची मोटारसायकल म्हणजेच दुधाची फेरी किंवा भाजीचा धंदा आहे त्याला ‘तपासणीची मजुरी’ नावाचा नवा खर्च का लावायचा? माझं उत्तर असं की तो खर्च तो आजही भरतोच आहे, फक्त न लागणाऱ्या भागाच्या किमतीत लपवून आणि जास्त प्रमाणात. दोनशे रुपयांत “हा भाग बदलायची गरज नाही” हे कळलं तर त्यात त्याचाच फायदा आहे. तपासणीची मजुरी पुढच्या कामात वळती करता येते. उधारीचीही गोष्ट याला जोडलेली आहे. आपल्याकडे कापूस विकल्यावर देतो, केळीचे पैसे आले की देतो, ही रीत आहे आणि ती निभावणाऱ्या मिस्त्र्यांमुळेच कित्येकांची शेती चालते. पण उधारीत अडकलेला पैसा तो दुकानदाराच्या उधारीवर माल उचलून भागवतो, आणि मग त्याच दुकानदाराचा माल, चांगला असो वा नसो, खपवणं त्याला भाग पडतं. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकची दोन वर्षं करून निघालेली मुलं हे सगळं बघतात आणि चाकणला किंवा सातपूरला कंपनीत कंत्राटावर लागतात. त्यांनी गावात राहून या फासात मान का द्यावी?

मग करायचं काय? परवाने आणि निरीक्षक नकोत. १८६३ चा धडा तोच आहे, आणि परवाना आला की हप्ता येतो हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९७१ च्या वाहन दुरुस्तीच्या कायद्याने लावलेल्या काही अटी माणसाच्या हेतूपेक्षा कागदावर भर देतात: काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज, त्यापेक्षा खर्च वाढला तर ग्राहकाची आधी संमती, बिलात भाग वेगळे आणि मजुरी वेगळी, ग्राहकाने मागितला तर काढलेला जुना भाग परत. यातलं एकही काम करायला धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या गॅरेजवाल्याला सरकारची वाट बघावी लागत नाही. मराठीत छापलेलं एक पानाचं जॉब कार्ड पुरतं. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत, पण तांत्रिक माहिती बाहेरच्या मिस्त्रीला रास्त दरात देण्याची कायदेशीर सक्ती हवी, आणि ती मागणी आपल्या खासदारांकडे लावून धरली पाहिजे. बाकी राहतो तो पहिलं पाऊल कुणी टाकायचं हा प्रश्न. एकट्या मिस्त्रीने मजुरी तीनशे लिहिली तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, हे खरं आहे. म्हणून सुरुवात अशा गिऱ्हाइकांनी करावी ज्यांच्या गाड्या एकदोन नसतात: नगरपालिका, दूध संघ, सूतगिरण्या, शाळांच्या बसगाड्या, केळीचे वाहतूकदार. आज यांच्याकडे तीन कोटेशन मागवून सगळ्यात खालचा आकडा पास होतो, आणि तो आकडा पुढे भागांत फुगतो. त्यांनी कोटेशनच्या कागदावर तीन रकाने पाडावेत: तपासणीची मजुरी, कामाची मजुरी, भाग, आणि जुने भाग जमा केल्याशिवाय बिल मंजूर करू नये. खालचा आकडा बघण्याऐवजी वर्षभरात तीच गाडी किती वेळा परत आली हे बघून पुढचं काम द्यावं. हे करायला ना कायदा लागतो ना जास्तीचा पैसा, येत्या आर्थिक वर्षाच्या ठरावात एक कलम घातलं तरी चालतं.